मिकलथ्वेट, हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम

नवसू मिकलथ्वेट हा गोऱ्या कॅप्टनचा मुलगा, अशी कुजबूज हेंद्रेपाड्यात बरीच वर्षं चालली होती. कुजबूज कशी करायची याची तिथं एक रीत होती. आधी खिडकीतून बाहेर बघून घ्यायचं, मग "आपल्याला काय करायचंय म्हणा" असं म्हणायचं, आणि मग अथपासून इतिपर्यंत सगळं सांगायचं. लढाईच्या काळात कल्याण कॅम्पात, म्हणजे आज जिथं उल्हासनगर आहे तिथं, गोरी पलटण उतरली होती. नवसूची आई जिजा डोंगरातल्या ठाकूरवाडीतून तिथं गवताचे भारे विकायला जायची. कॅम्पात एक कॅप्टन होता. यापुढचं सांगणारी तोंडानं सांगत नसे, भुवयांनी सांगे. लढाई संपली, कॅप्टन बोटीत बसून विलायतेला गेला, आणि मागं ठेवून गेला एक पोरगा आणि एक आडनाव.

पुरावा हवा? नवसूचे डोळे घारे होते. आता घारे डोळे हाच पुरावा धरायचा झाला, तर कुळगावातल्या निम्म्या ब्राह्मणआळीला त्याच बोटीत बसवून द्यावं लागलं असतं. पण त्यांना कोण विचारतो? डोंगरातल्या माणसाचे डोळे घारे असले की मात्र सगळ्यांना इतिहास आठवतो.

दुसरा पुरावा म्हणजे आडनाव. ते धड कुणाला बोलता येत नसे. वीजबिलावर तो 'मिकलवाट' होता, रेशनच्या दुकानात 'मायकल', कारखान्यात 'मिकी'. दारावरच्या पाटीवर त्यानं मुकाट्यानं 'एन. के. मिकलथ्वेट' एवढंच लिहिलं होतं. घरमालकीण मालिनीकाकू आल्यागेल्याला सांगायच्या, "के म्हणजे केनेथ असणार. कॅप्टनचं नाव. हा कशाला बोलतोय." आणि वर पुन्हा त्याच नवसूला संध्याकाळी वाटीभर आमटी पाठवायच्या. आमटी मनापासून असायची आणि कुजबूजही मनापासून. काकूंच्या स्वभावात दोन्हींना जागा होती.

हेंद्रेपाड्यात काकूंच्या घराच्या मागच्या अंगाला त्याची एक खोली होती. एक कॉट, एक स्टोव्ह, खिडकीत तुळस. आनंदनगरच्या एका कारखान्यात तो फिटर होता. चाळिशी आली होती, लग्न झालं नव्हतं. झालं नव्हतं म्हणजे कुणी होऊ दिलं नव्हतं. वांगणीकडच्या ठाकूर मंडळींनी एकदा मुलगी दाखवली आणि कूळ विचारलं. नवसू गप्प बसला. त्या गप्प बसण्यातच सोयरीक मोडली. अंबरनाथच्या एका ख्रिस्ती घरातून विचारणा आली, त्यांनी विचारलं, कुठल्या चर्चचे? पुन्हा नवसू गप्प. जातीचा दाखला काढायला गेला तर कारकुनानं आडनाव मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळं ऑफिस हसलं. नवसूही हसला, कारण सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर राहणं फार अवघड. परत मात्र गेला नाही.

आता गंमत बघा. या कुजबुजीवर साऱ्या हेंद्रेपाड्यात सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल, तर तो नवसूचाच होता.

त्याला कारण होतं. वाडीतल्या त्यांच्या झोपड्यात, चुलीपासून लांब, दगडांवर ठेवलेली एक मोठी लोखंडी पेटी होती. हिरव्या रंगाची, कडांना गंजलेली. तिच्यात भाताचं बियाणं असे. उंदरांना लाकूड चालतं, मातीची कणगीही चालते, लोखंड चालत नाही. त्या पेटीच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं. नवसू लहानपणी त्या अक्षरांवर बोट फिरवायचा. मग बदलापूरच्या शाळेत इंग्रजी सुरू झालं, आणि एके दिवशी घरी येऊन त्यानं ती अक्षरं लावून वाचली. कॅप्टन आर. मिकलथ्वेट. जन्मात त्यानं वाचलेलं पहिलं सलग इंग्रजी म्हणजे त्याचं स्वतःचं आडनाव, आणि त्याच्या आधी कॅप्टन.

शाळेतली पोरं त्याला 'सायबाचा' म्हणून चिडवायची. आजवर ती नुसती चिडवाचिडवी होती. त्या दिवशी तिला पेटी मिळाली. साहेबाची पेटी आपल्या घरात का? आपलंच आडनाव तिच्यावर का? आईला विचारायचं त्याच्या ओठावर आलं. जिजा चुलीशी भाकरी थापत होती. त्यानं तिच्या पाठीकडं बघितलं आणि प्रश्न गिळला. त्या दिवसापासून जिजाच्या नवऱ्याला, कोंडाजीला, 'बा' म्हणताना त्याची जीभ अडखळायला लागली. पुढं पुढं तो हाकच मारेनासा झाला. नुसता जवळ जाऊन उभा राही. कोंडाजी भोळा. त्याला वाटलं, पोरगं मोठं झालं.

अठराव्या वर्षी नवसू काम शिकायला अंबरनाथला गेला तो परत राहायला आलाच नाही. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि दिवाळीला, वाडीवर जायचा. आईला लुगडं, गूळ, चहाची पुडी. ओट्यावर बसायचा, पाहुण्यासारखा. जिजा शेजारी बसायची. मायलेक समोरच्या डोंगराकडं बघत बसायचे. तिला वाटायचं, लेक आता शहराचा झाला, आपल्याशी काय बोलेल. त्याला वाटायचं, हिनं एकदा तरी आपण होऊन सांगावं. मग ऊन कलायचं आणि तो उठायचा.

एक्क्याऐंशी साली, जांभळांच्या दिवसांत, कोंडाजी गेला. नवसू आला. तिरडी बांधून झाली. पुढं मडकं धरून चालायचं ते पोटच्या पोरानं. सगळे त्याच्याकडं बघत होते. नवसूला वाटलं, ज्याचा आपण नाही त्याच्यापुढं मडकं धरलं, तर ते मेलेल्या माणसाला फसवल्यासारखं होईल. बिचाऱ्यानं भलत्याच प्रामाणिकपणे विचार केला. तो एक पाऊल मागं सरला. चुलतभाऊ हिरामण पुढं झाला, त्यानं मडकं घेतलं. वाडीनं ते बघितलं, आणि तेव्हापासून ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली. पोरगा स्वतःच मागं सरला, आणखी काय पाहिजे?

एवढं झाल्यावर माणूस काय करतो? जे आपलं नाही ते सोडतो आणि जे असेल ते शोधायला लागतो. सुटीच्या दिवशी नवसू कल्याणला जाऊ लागला. तिथं रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन लोकांची जुनी घरं होती. तो पाट्या वाचत फिरायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं फाटकाशी येऊन कोण हवंय म्हणून विचारलं. नवसूनं आडनाव सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग तो गोऱ्यांच्या कबरस्तानात गेला. संगमरवरावरची अक्षरं झिजली होती, तिथं बोट फिरवून वाचली. बरेच साहेब होते, त्यांच्या बायका होत्या, तान्ही मुलंही होती. मिकलथ्वेट कुणी नव्हता. मेलेल्यांतसुद्धा आपलं माणूस निघू नये, याचं त्याला फार वाईट वाटलं. त्या रात्री त्यानं काकूंची आमटी परत पाठवली.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात टेकचंद शेठचं लोखंडी कपाटांचं दुकान होतं. शेठ कराचीहून आलेले, पलटणीच्या जुन्या बराकीतच राहिलेले. त्यांचं वेल्डिंगचं मशीन बिघडलं की नवसू बघून द्यायचा. शेठ त्याला मिकलानी म्हणत.

"साईं, आमच्यात आडनाव म्हणजे आजोबा," ते समजावून सांगत. "मूलचंदाची पोरं मूलचंदानी. तुम्हारा भी कोई मिकल दादा होगा ना? बस, मिकलानी. चाय पी."

शेठना सात पिढ्या तोंडपाठ होत्या. गाव सुटलं, घर सुटलं, पण आजे-पणजे बराबर घेऊन आले होते. नवसू चहा पिऊन घरी जाताना वाटभर विचार करायचा, आपला मिकल दादा कोण असेल. हसत केलेली थट्टा एकटा माणूस अशी घरी नेऊन उशाला ठेवतो.

शहाऐंशी साली कारखान्यात विलायतेहून नवीन मशीन आलं आणि ते बसवायला डॉसन नावाचा साहेब आला. टक्कल पडलेला, घामानं निथळणारा, सारखं लिंबूपाणी मागणारा. पहिल्याच दिवशी हत्यारांच्या कपाटांवरची नावं वाचत वाचत तो एका कपाटापाशी थांबला आणि त्यानं ते नाव मोठ्यानं उच्चारलं. नवसूनं आपलं आडनाव आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ऐकलं. हातातला पाना तसाच राहिला.

डॉसन यॉर्कशायरचा. हे आडनाव आमच्याकडचं, म्हणाला. फार घरं नाहीत, पण जी आहेत ती बहुतेक आमच्याच टापूत. थोडे कॅनडात गेले, थोडे ऑस्ट्रेलियात. त्या नावाची वस्तीही आहे आमच्याकडं, तिच्यावरून आडनाव पडलं. अर्थ सांगायला त्याला शब्द पुरेनात, म्हणून त्यानं खडू घेतला आणि फरशीवर झाडं काढली. मग मधली झाडं पुसली. ती मोकळी झालेली जागा म्हणजे थ्वेट. हात फाकून म्हणाला, मिकल म्हणजे मोठी. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांची ही भाषा.

नवसू त्या पुसलेल्या जागेकडं बघत राहिला. त्याच्या वाडीत रान साफ करून नाचणी-वरई पेरायची जागा असते, तिला दळी म्हणतात. कोंडाजीची आख्खी हयात दळीत गेली. आता कॅप्टनची माणसंही दळीवालीच निघाली. बाजूला उभा असलेला सुपरवायझर जयदेव म्हणाला, "म्हणजे मिकी, तू इकडूनपण जंगली आणि तिकडूनपण." सगळे हसले, डॉसनला कळलं नाही म्हणून तोही हसला. नवसू हसला नाही. त्यानं दुपारी फरशी झाडू दिली नाही.

तिकडची नावं पाठवतो म्हणून सांगून डॉसन परत गेला आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला. त्यानं तिकडच्या टेलिफोन डिरेक्टरीतलं पान झेरॉक्स करून पाठवलं. मिकलथ्वेट, मिकलथ्वेट, मिकलथ्वेट, एकाखाली एक. नवसूनं त्याला फ्रेम करून घेतली आणि लोकांच्या घरात आजोबा-पणजोबांचे फोटो असतात तिथं, दाराच्या वर लावली. दसऱ्याला तो तिला झेंडूचा हार घालायचा. मालिनीकाकूंनी ते बघितलं त्या दिवशी त्यांची पंचाईत झाली. सांगण्यासारखं तर फार होतं, पण सांगायला बसल्या की त्या दुसराच विषय काढायच्या. अखेर त्यांनी ती गोष्ट नवऱ्यालाच सांगितली, म्हणजे मधूकाकांना. मधूकाका म्हणाले, "तू त्याला जेवायला बोलाव." तेव्हापासून सणाला नवसूचं पान काकूंकडं.

पुढची काही वर्षं तशीच गेली. मग चौऱ्याण्णव साली डॉसनकडूनच पत्र आलं. त्याच्या गावाजवळ एडिथ मिकलथ्वेट नावाच्या बाई आहेत, निवृत्त शिक्षिका, लग्न न केलेल्या. त्यांचे काका राल्फ लढाईत कॅप्टन होते आणि कल्याणच्या कॅम्पात होते. परत जाऊन थोड्याच वर्षांत वारले, बायको-मूल नव्हतं. बाई डिसेंबरात मुंबईला सहलीला येणार आहेत. त्यांना नवसूला भेटायचंय.

मधूकाकांनी ते वाचून दाखवलं तेव्हा काकूंनी खिडकीतून बाहेर बघून घेतलं. इतकी वर्षं त्यांनी वाढवलेली कुजबूज दारात येऊन उभी राहणार होती, आणि तिला चहा द्यायला लागणार होता. दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. नवसूच्या खोलीला चुना झाला. टेकचंद शेठनी दोन नवीन खुर्च्या पाठवून दिल्या. "मिकलानी की बहन आ रही है," ते बाजारभर सांगत सुटले.

नवसूला मात्र जेवण जाईना. आजवर ती त्याची एकट्याची समजूत होती, तिच्यापायी कुणाचं काही देणं लागत नव्हतं. आता एक बाई समुद्र ओलांडून येणार, त्याच्या तोंडाकडं बघणार आणि विचारणार, तू आमचा का? तिला खरं सांगायला हवं. खरं सांगू शकणारं एकच माणूस जगात होतं आणि ते डोंगरात बसून सुपात दाणे पाखडत होतं. चाळीस वर्षं जे विचारलं नाही ते आता विचारायचं. आणि ती हो म्हणाली तर? मग ओट्यावर शेजारी तरी कसं बसायचं? नाही म्हणाली तर भिंतीवरची माणसं गेली.

रविवारी तो वाडीवर गेला. ना शिमगा, ना दिवाळी, त्यामुळं जिजा घाबरली. कोण गेलं का, म्हणून तिनं आधी विचारून घेतलं. मग सूप घेऊन बसली. नवसूनं वाटेत जुळवलेली वाक्यं एकेक करून टाकून दिली. शेवटी पेटीकडं बोट करून म्हणाला, "आये, त्या पेटीवाल्याची पुतणी येनार हाये."

"कोनाची?"

"ज्याचं नाव हाये पेटीवर. विलायतेवरनं येते. हितं."

जिजानं सूप खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला. आता सांगते, असं त्याला वाटलं.

"पेटी मांगाय येते का ती?" जिजा म्हणाली.

नवसूनं पेटीकडं केलेलं बोट खाली घेतलं.

"सांग तिला, नाय मिळायची. तुझ्या बानं लिलावात घेतलीया. दोन कोंबडे न् मधाचा डबा इकला त्यापायी. चोरून नाय आनली आमी. आन आता बियानं कुठं ठेवू मी, तिच्या डोक्यावर?"

"लिलावात?"

"गोरे निघून गेलते. सारं सामान इकत व्हते कॅम्पात. खाटा, बादल्या, काय काय. तू व्हतास की बरोबर."

"मी?"

"तीन वर्साचा व्हतास. येताना चालंना, म्हून तुझ्या बानं तुला पेटीत बसवला न् पेटी घेतली डोक्यावर. सारी वाट तू झाकन आपटत आलास. घरी आला तं म्हनाला, मान मोडली पोरानं, पन पेटी दनकट हाये."

जिजा हसली. तिला अजून ते दिसत होतं. नवसूला दिसत नव्हतं. तो डोळे मिटून बघायला लागला. पेटीखाली कुणाचं डोकं, पत्र्याचा आवाज, वर आभाळ. काही आठवलं नाही.

"तू पाह्यलेलास त्या सायबाला?" त्यानं विचारलं.

"मी कुठनं पाहीन? मी कॅम्पात कंदी गेलेच नाय. गवत तुझा बाच न्यायचा." मग ती लेकाच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "डोळे भिकीचे हायेत तुझे. तुझ्या आजीचे. तिला सारे मांजरीच म्हनायचे."

म्हणजे तिला माहीत होतं. कुजबूज डोंगर चढून केव्हाच तिच्यापर्यंत आली होती. तीही वाट बघत होती, लेकानं एकदा विचारावं म्हणून. त्यानं विचारलं नाही, म्हणून तिनं सांगितलं नाही.

"बा मेला तवा मडकं हिरामणला दिलंस," ती पुन्हा सूप हातात घेत म्हणाली. "मी म्हनलं, असू दे. शिकल्यालं पोर हाये, लाज वाटत आसंल."

नवसू उठून पेटीपाशी गेला आणि झाकणावर हात ठेवून उभा राहिला. जिजा पाखडत राहिली. त्या दिवशी ऊन कलल्यावरही तो उठला नाही.

डिसेंबरात एडिथबाई आल्या. उंच, वाळलेल्या, पांढऱ्या केसांच्या, पायात जाड बूट. मधूकाका दुभाषी म्हणून आणि मालिनीकाकू साक्षीदार म्हणून बरोबर. जीप करून सगळे वाडीवर गेले. जिजा पेटीवर बसली होती. पाहुणी आत आली, रामराम झाला, हिरामणच्या बायकोनं चहा आणला, तरी जिजा उठली नाही. दोन्ही हातांनी पेटीच्या कडा धरून बसून होती.

नवसूनं मधूकाकांना बोलू दिलं नाही. कारखान्यातलं इंग्रजी होतं तेवढं गोळा करून स्वतःच सांगितलं. माय फादर, कोंडाजी. फादर बाय बॉक्स. ऑक्शन. नेम ऑन बॉक्स. नो अंकल.

बाईंनी पिशवीतून काकांचा एक फोटो काढून हातात ठेवला होता, तो नवसूच्या तोंडाशी लावून बघायचा त्यांचा विचार असावा. तो त्यांनी परत ठेवून दिला. मग मधूकाकांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आमच्या गावात या नावाची आता दोनच दारं राहिली आहेत आणि त्यातलं एक माझं आहे, असं त्या म्हणत होत्या. मला वाटलं होतं, मागं कुणीतरी असेल. मालिनीकाकूंनी पदर डोळ्याला लावला. हेंद्रेपाड्यातली कुठलीही गोष्ट ऐकताना त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

बाई खाली उकिडव्या बसल्या आणि अक्षरं दिसतील का म्हणून खुणेनं विचारलं. जिजानं पाय थोडे बाजूला घेतले, पण बूड हलवलं नाही. एडिथबाईंनी त्या पांढऱ्या अक्षरांवरून बोट फिरवलं. नवसू लहानपणी फिरवायचा तसंच. तिथं त्या नावाची दोन माणसं हातभर अंतरावर होती आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

"सांग तिला, बस म्हनावं," जिजा म्हणाली, आणि पेटीवरच जरा सरकून तिनं जागा केली.

बाई बसल्या. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी, समोरच्या डोंगराकडं बघत. जायच्या वेळी जिजा एकदाची उठली, झाकण उघडून ओंजळभर बियाणं काढलं आणि पाहुणीच्या रुमालात बांधून दिलं. एडिथबाईंनी विलायतेत त्याचं काय केलं कोण जाणे. दोन नाताळांना त्यांचं कार्ड आलं. तिसऱ्याला आलं नाही.

नवसू त्यानंतर दर रविवारी वाडीवर जाऊ लागला. कोंडाजीला जिथं अग्नी दिला ती जागा त्याला आता ओळखू येईना, म्हणून त्यानं हिरामणला विचारली. हिरामणनं नाल्याच्या काठाकडं हात केला. तिथं करवंदीची जाळी माजली होती. नवसू तिथं थोडा वेळ उभा राहिला. हाक मारायची म्हणून त्यानं तोंड उघडलं. चाळीस वर्षं न वापरलेला शब्द, तो काही लगेच बाहेर येईना. त्यानं जाळी तेवढी साफ केली आणि परत आला.

सत्त्याण्णव साली जिजा गेली. या वेळी मडकं नवसूनं धरलं. हिरामण मागं राहिला. वाडीतल्या एकदोघांनी त्यावरही काढलंच: सायबाच्या पोराला म्हातारपणी हौस आली. कुजबुजीला एकदा पाय फुटले की तिला घरी परत कोण आणणार? पेटी नवसूनं खोलीत आणली. पेरायला त्याच्याकडं शेत नव्हतं. बियाणं त्यानं हिरामणला दिलं आणि पेटी रिकामीच ठेवली.

त्याच सुमारास काकूंचं घर पाडून तिथं चार मजली इमारत झाली. खाली जिन्यापाशी सगळ्यांच्या नावांची पाटी लागायची होती. पेंटरनं नेहमीप्रमाणं 'एन. के. मिकलथ्वेट' लिहायला घेतलं. नवसूनं त्याला थांबवलं, नाव पुरतं लिहायला लावलं आणि रंग सुकेपर्यंत तिथंच उभा राहिला. नवसू कोंडाजी मिकलथ्वेट. ओळ इतरांपेक्षा लांब झाली, शेवटची अक्षरं चिकटली. वर त्याच्या फ्लॅटमध्ये डिरेक्टरीचं पान अजून दाराच्या वरच होतं. हार घालायचं त्यानं सोडलं होतं, पण काढलं नव्हतं. काढून तिथं लावायला कोंडाजीचा फोटो कुठं होता? कोंडाजीचा फोटो कुणी काढलाच नव्हता.

इमारतीत नवीन आलेली माणसं पाटी वाचायची, आडनावापाशी थांबायची आणि काकूंना विचारायची. काकू आता म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि त्यांना खरं ठाऊक होतं. त्या सांगायच्याही. पण खरी गोष्ट ऐकून माणसाचा चेहरा पडतो. माणसं म्हणायची, असेल, पण डोळे बघितलेत का?

तर खरी गोष्ट अशी. कॅम्प रिकामा झाल्यावर कोंडाजीनं लिलावात बियाण्यासाठी एक पेटी घेतली. पुढं वाडीतली पोरं शाळेत घालायला बदलापूरचे दिनानाथ मास्तर आले. सगळेच ठाकूर, आणि नवसू नावाची दोन पोरं, म्हणून त्यांनी घराचं आडनाव विचारलं. कोंडाजी बदलापुरात घरोघर लाकूडफाटा घालायचा. भांड्यांवर घरमालकाचं नाव कोरलेलं असतं आणि ज्याचं भांडं त्याचंच ते नाव असतं, हे त्यानं बघितलं होतं. त्याच्या घरात नाव घातलेली एकच वस्तू होती आणि ती त्यानं रीतसर विकत घेतली होती. त्यानं पेटीकडं बोट केलं. मास्तरांना गंमत वाटली, त्यांनी ते लिहून घेतलं आणि गावात जाऊन चार जणांना सांगितलं. सांगता सांगता पेटी गळाली आणि साहेब राहिला. नवसू कोंडाजीचा मुलगा होता.